पडीक म्हणून लिहिलेली जमीन आणि तिच्यावरची फुलं



चिंचपाड्यात बसून आज आपण ज्या फुलाबद्दल बोलणार आहोत, ते फूल चिंचपाड्यात उगवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर व्याख्यान संपल्यावर कुणीतरी टेकडीवर शोधायला जायचं. फुलाचं नाव शिंदळ माकुडी. ते सापडतं इथून दक्षिणेला, नाशिक ओलांडून पुढे गेलं की जुन्नरच्या डोंगरात, शिवनेरीच्या कड्यावर. आणखी खाली वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी. बस्स.

मग ते इथे सांगण्याचं कारण काय? कारण साधं आहे. या फुलाच्या गोष्टीत एक शब्द येतो आणि तो शब्द आपल्या सगळ्यांच्या सातबारावर आहे. 'पोटखराबा'. ज्या जमिनीत पीक येत नाही, ज्यावर आकार बसत नाही, ती खराबा. बोलताना आपण तिला पडीक म्हणतो, माळ म्हणतो, कातळ म्हणतो. महाराष्ट्रातली दुर्मीळ फुलं कुठे राहतात याचा नकाशा काढला, तर त्यातला फार मोठा भाग याच खराब्यावर पडतो. हे कसं झालं आणि त्याचं फुलांना काय भोगावं लागलं, हा आजचा विषय.

कड्यावरचं झाड

आधी झाड ओळखून घेऊ. शिंदळ माकुडी ही रुईच्या कुळातली. रुईचं बोंड फुटलं की रेशमी केसांची म्हातारी उडते, तशीच हिच्या शेंगेतूनही उडते. खोड मांसल, बोटाएवढं जाड, कड्याच्या भेगेतून बाहेर आलेलं आणि खाली लोंबणारं. पावसाळ्यात त्याला पानं येतात, उन्हाळ्यात गळून जातात. हिच्या जवळच्या नात्यातल्या वनस्पतींना, म्हणजे आपण माकडशिंग म्हणतो त्या मंडळींना, अशी मोठी पानं नसतात. म्हणून शास्त्रज्ञांना ही वनस्पती पहिल्यापासून वेगळी वाटली.

फूल पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतं. पाच टोकांच्या चांदणीसारखं, गडद तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. ते मधमाशीसाठी नाही, माशीसाठी आहे. माशीनं यावं म्हणून निसर्गानं सगळी सोय केलेली आहे.

खोड खायला चालतं, गुराख्यांची पोरं ते कच्चं खातात. शेळ्यांनाही आवडतं. त्यामुळे आज झाड उरलंय ते बहुतेक करून शेळीचा पाय आणि माणसाचा हात पोहोचत नाही अशा उभ्या कड्यावर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दुर्मीळ वनस्पती कड्यावर दिसली म्हणजे तिला कडाच आवडतो, असं लगेच धरून चालू नये. कधी कधी तो तिचा शेवटचा आसरा असतो.

नाव कुणी दिलं

आता इतिहासाकडे वळू. जुन्नरजवळ हिवरे इथे कंपनी सरकारची एक बाग होती. तिची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. गिब्सन हे कंपनीचे डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचेही तेच प्रमुख. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात जंगलखातं सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले मुख्य अधिकारी गिब्सनच झाले. डोंगरावरचं जंगल तोडलं की खालचे झरे आटतात, ही गोष्ट ते सरकारला त्या काळी लिहून कळवत होते.

त्यांच्यानंतर त्या जागेवर आले निकोल अलेक्झांडर डालझेल. हे स्कॉटिश गृहस्थ मुंबईत आले ते जकात खात्यात नोकरीला, पण मन सगळं झाडांत. १८६१ मध्ये गिब्सन आणि डालझेल या दोघांनी मिळून 'द बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक काढलं. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं हे सुरुवातीचं मोठं शास्त्रीय काम. पुढे १८६०च्या दशकाच्या मध्याला डालझेल यांनी हिवऱ्याच्या डोंगरावरची आपली ही शिंदळ माकुडी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात जगापुढे मांडली. नाव दिलं 'फ्रेरिया इंडिका'.

फ्रेरिया कशावरून? तर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. ते त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते, १८६२ ते १८६७. सातारकरांना हे नाव आणखी एका कारणानं ठाऊक असतं. १८४८ मध्ये छत्रपती आप्पासाहेब वारले आणि कंपनीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं, तेव्हा तिथे रेसिडेंट फ्रेअरच होते. खालसा करू नये असं त्यांचं मत होतं, पण ते कुणी ऐकलं नाही.

म्हणजे बघा, सह्याद्रीच्या कड्यावरचं झाड, गुराख्यांच्या तोंडी त्याचं आधीपासून नाव, आणि शास्त्राच्या वहीत ते गेलं गव्हर्नरच्या नावानं. यात डालझेल यांना दोष द्यायचा नाही. त्या काळी तशीच रीत होती. त्यांनी नोंद केली म्हणून आज आपल्याला तुलना करता येते. पुढे शास्त्रज्ञांनी नात्यागोत्याचा नवा हिशेब मांडला आणि ही वनस्पती 'बौसेरोसिया' या दुसऱ्या प्रजातीत नेली, तरी फ्रेअर यांचं नाव जातीच्या नावात टिकून आहे.

खराबा कसा ठरला

फुलाला नाव मिळालं. ते ज्या जमिनीवर उभं होतं, तिला काय नाव मिळालं?

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी नव्यानं झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमाराला इंदापुरात ती सुरू केली. पद्धत अशी होती की प्रत्येक शेताची माती बघायची, तिची खोली, तिचा पोत, तिच्यातले दोष बघायचे आणि आण्यांत प्रत ठरवायची. सोळा आणे जमीन म्हणजे उत्तम. जिथे माती नाही, खडक आहे, उतार आहे, ती हिशेबातून वजा. हाच आपला खराबा.

खानदेशात ही मोजणी आली ती १८५२ मध्ये. त्या वेळी सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातल्या शेतकऱ्यांनी तिला जोरदार विरोध केला, सरकारला फौज आणावी लागली. लोकांना कळत होतं की साखळी टाकून मोजणारा माणूस फक्त लांबी-रुंदी मोजत नाही, तो जमिनीची किंमत ठरवतो.

या मोजणीत शेतकऱ्याचा फायदाही होता, हेही सांगितलं पाहिजे. खडकावर सारा भरावा लागू नये, ही मूळ कल्पना न्यायाचीच होती. पण कागदावरच्या शब्दाला पुढे स्वतःचं आयुष्य येतं. 'सारा माफ' एवढ्याच अर्थानं लिहिलेला खराबा हळूहळू 'निरुपयोगी' या अर्थानं वाचला जाऊ लागला.

दुसऱ्या बाजूला जंगलाचंही तसंच झालं. आपल्या शेजारचं डांग घ्या. तिथल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी १८४२ मध्ये जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं. त्यांना हवं होतं सागवान. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागाशिवाय चालत नव्हतं. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, आणि तो अपुरा वाटला म्हणून १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. राखीव जंगल, संरक्षित जंगल हे शब्द तेव्हापासूनचे. गावाचं गवत, सरपण, कंद, मध हे हक्काचं होतं ते सवलतीचं झालं. आणि जंगल म्हणजे काय, तर ज्यात इमारती लाकूड आहे ते.

आता या दोन वह्या शेजारी ठेवा. महसुलाच्या वहीत किंमत धान्याला. जंगलाच्या वहीत किंमत लाकडाला. ज्या कातळावर ना ज्वारी येते ना साग, त्याला दोन्ही वह्यांत जागा नाही. शिंदळ माकुडी नेमकी तिथे राहते. गंमत म्हणजे तिला शोधणारे डालझेल स्वतः जंगलखात्याचे प्रमुख होते. एकाच माणसाच्या टेबलावर फुलाचं चित्रही होतं आणि सागाचा हिशेबही.

शब्दाचे परिणाम

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, वह्या त्याच राहिल्या. १९८५ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केलं. हेतू चांगला होता, उजाड झालेल्या जमिनीवर झाडं यावीत, लोकांना सरपण मिळावं. पुढे उपग्रहाच्या मदतीनं देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. त्यात एक वर्गच आहे: ओसाड, खडकाळ जमीन.

साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यावर सपाट कातळ असतात. तिकडे त्यांना सडे म्हणतात. जांभा दगड, वर काही बोटं माती, कुठे तीही नाही. मे महिन्यात तिथे अनवाणी चालता येत नाही. मार्गशीर्षात गेलात तरी तुम्ही म्हणाल, इथे काय आहे? पण श्रावण-भाद्रपदात जा. पाणी साचलेलं असतं आणि त्या पाण्यात, चिखलात, भेगांत फुलं. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, कवला. यातल्या काही वनस्पती किडे खातात, कारण त्या मातीत नत्र नसतं, ते किड्यांकडून मिळवावं लागतं. चार महिन्यांत जन्म, फूल, बी, सगळं उरकायचं आणि उरलेले आठ महिने बी किंवा कंद होऊन जमिनीत पडून राहायचं. अशा जागेवर निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तर आपण 'हिरवं' केलं असं वाटतं. प्रत्यक्षात सावली पडते, पालापाचोळा साचतो, आणि उघड्या उन्हाची सवय असलेली ती फुलं नाहीशी होतात.

झाडं लावणं हे पुण्यकर्म, असं आपल्या मनावर इतकं बिंबलंय की झाड लावून एखादी जागा बिघडू शकते हे पटतच नाही. पण पटवून घ्यावं लागेल. याच सड्यांवर कुठे बॉक्साइटच्या खाणी झाल्या, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. वीज हवी, ॲल्युमिनिअम हवं, त्याला आमची ना नाही. मुद्दा असा की जागा निवडताना 'तिथे काहीच नाही' हे गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत त्या जुन्या शब्दातून आलेलं आहे.

कुंडीत वाचलं, कड्यावर?

शिंदळ माकुडीकडे परत येऊ. १९८०च्या दशकात आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेनं जगातल्या अतिशय धोक्यात आलेल्या १२ वनस्पती निवडल्या, त्यात ही होती. त्यानंतर लक्ष वाढलं. सातारा जिल्ह्यातल्या शिंदेवाडीच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रानं तिची रोपं वाढवली, ती निसर्गात परत लावण्याचे प्रयत्न केले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच दुर्मीळ वनस्पतींवर, विशेषतः कंदीलपुष्पांवर, मोठं काम उभं केलं.

आणि इथे एक विचित्र गोष्ट दिसते. शिंदळ माकुडी वाढवायला अवघड नाही. खोडाचा तुकडा लावला की मुळं फुटतात. निवडुंगासारखी रोपं जमवणाऱ्या हौशी लोकांनी ती परदेशातही कुंडीत वाढवलेली आहे. मग आपण म्हणायचं का, वाचली म्हणून?

तुकड्यातून वाढलेली रोपं म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. त्यांच्यात फरक नाही, आणि फरक नसेल तर पुढे एखादा रोग आला की सगळी एकदम जातील. कड्यावर माशी येते, एका झाडाचा पराग दुसऱ्याला नेते, बी तयार होतं, म्हातारी उडते, दुसऱ्या भेगेत रुजते. या साखळीतली एकही कडी कुंडीत नसते.

कंदीलपुष्पात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. फुलाची नळी उभ्या कंदिलासारखी, आतून केसाळ, केसांची टोकं खाली वळलेली. माशी आत शिरते पण तिला वर येता येत नाही. काही काळानं केस कोमेजतात, मग ती पराग घेऊन सुटते आणि दुसऱ्या कंदिलात शिरते. ही माशी नसेल तर कंदील नुसता शोभेचा. रोप वाचवायचं तर माशी वाचवायची, माशी वाचवायची तर ती जिथे वाढते ते गवत, तो ओलावा वाचवायचा. म्हणजे फिरून जमिनीवरच येतो आपण.

दोन जागा, दोन धडे

जागा वाचवण्याचे प्रयत्न झालेत. त्यातले दोन बघू.

पहिला कास. साताऱ्याजवळचं हे पठार साधारण १,००० हेक्टरचं, आणि तिथे फुलझाडांच्या ८५० च्या वर जाती नोंदलेल्या आहेत. वायतुरा नावाची पाणवनस्पती, जिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ती इथली. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात कास आलं. नाव झालं आणि गर्दीही झाली. मग संख्येवर मर्यादा, प्रवेश शुल्क, आजूबाजूच्या गावांच्या समितीकडे व्यवस्था, असं सगळं करावं लागलं. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून जाळीचं कुंपण आलं. आणि कुंपण आल्यावर निराळाच प्रश्न पुढे आला. गुरं चरायची थांबली, तेव्हा काही ठिकाणी गवत माजलं आणि लहान फुलं दबू लागली, असं म्हणणारे अभ्यासक आणि गावकरी पुढे आले. कुंपण काढा अशी मागणी झाली. शेकडो वर्षं गुरं चरत असताना ती फुलं तिथे होतीच. म्हणजे चराई हा शत्रूच असतो असं नाही. किती, कुठे, कधी, हे महत्त्वाचं.

दुसरी जागा आपल्याला जवळची. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहे. तिथलं एक कंदीलपुष्प २००६ मध्ये नवीन जात म्हणून प्रसिद्ध झालं. 'सेरोपेजिया अंजनेरिका', डोंगराचंच नाव. गव्हर्नरपासून गावापर्यंत नावं देण्याची रीत एवढी पुढे आली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तरीही पुढे डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आलाच. हनुमानाच्या जन्मस्थानी भाविकांची सोय व्हावी, असं म्हणणं होतं. नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आणि अभ्यासकांनी विरोध केला. भक्ती आणि फूल यांचं भांडण लावायचं कारण नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या भाविक पायी चढतच होते, आणि त्या पायवाटेनं फुलाचं काही बिघडलं नव्हतं.

चिंचपाड्यात काय करायचं

आता घरी येऊ. आपल्या सातपुडा-डांगाच्या पट्ट्यात पहिल्या पावसानंतर सफेद मुसळी वर येते. पांढरी, सहा पाकळ्यांची साधी फुलं. कोवळा पाला आपण भाजीला खुडतो. शास्त्राच्या वहीत तिचं नाव आलं १९५५ मध्ये. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी मुंबईच्या बोरिवलीवरून ते ठेवलं. आपल्या आजीला ती त्याच्या कितीतरी आधी माहीत होती.

पाला खुडला तर कंद जमिनीत राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा पाला येतो. बाजाराला मात्र कंद हवा असतो, ताकदीच्या औषधासाठी. कंद खणला की झाड संपलं. बी पडायच्या आधी खणला तर पुढची पिढीही संपली. म्हणून ठिकठिकाणी रानातली मुसळी विरळ होत गेली.

शेजारच्या डांगात तेरा नावाचा सण आहे. तेरा म्हणजे रानअळू. आषाढात त्याची पूजा होईपर्यंत पाला खायचा नाही, ही रीत. झाडाला आधी वाढू द्यायचं, मग तोडायचं. सगळ्याच रूढींमागे असं शास्त्र असतं असा आमचा दावा नाही. पण मुसळीसाठी असा एक नियम गावानं ठरवला, तर तो आपल्याला परका वाटणार नाही, एवढं नक्की.

आणि असा नियम करायला आज कायद्याचा आधार आहे. १८७८ च्या कायद्यानं काढून घेतलेलं थोडंफार परत देणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात सामूहिक वनहक्क आहेत, म्हणजे आपल्या परंपरेतलं जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदाही लागू होतो आणि गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी येते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी असं सांगितलंय.

ही नोंदवही म्हणजे तिसरी वही. पहिल्या वहीत धान्य होतं, दुसरीत लाकूड होतं. या तिसरीत काय लिहायचं हे आपण ठरवायचं आहे. बऱ्याच ठिकाणी ती घाईघाईत, पुस्तकातून उतरवून भरली जाते आणि कपाटात जाते. तसं होऊ देऊ नका. गावातल्या म्हाताऱ्या बाईला बरोबर घ्या, गुराख्याला घ्या, शाळेतली पोरं घ्या आणि पावसाळ्यात तीन वेळा एकाच माळावरून फिरा: जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, ऑक्टोबरात. काय उगवलं, कुठल्या नावानं ओळखतात, कोण खातं, कोण विकतं, पूर्वीपेक्षा कमी झालं की वाढलं, हे लिहा. मावची, कोकणी, भिल्ली, ज्या बोलीत नाव असेल त्या बोलीत लिहा. शास्त्रीय नाव नंतर कुणीही जोडू शकेल. बोलीतलं नाव एकदा गेलं की परत कुणी आणून देणार नाही.

आणि हे करताना सातबारावर ज्याला पोटखराबा लिहिलंय, त्या तुकड्यावर आधी जा. पुढे कधी त्या जागेवर रस्ता, खाण किंवा वृक्षारोपणाचा प्रस्ताव आला आणि साहेबांनी विचारलं, 'इथे आहे काय?', तर ग्रामसभेच्या टेबलावर ती वही उघडी असली पाहिजे.

जुन्नरच्या कड्यावरच्या फुलाला अशी वही मिळाली नाही. त्याच्या वाट्याला गव्हर्नरचं नाव आलं आणि त्याच्या जमिनीच्या वाट्याला खराबा. आपल्याकडे अजून वेळ आहे. पुढच्या जूनमध्ये पहिली फेरी करू या.